बरं झालेलं मूल पुन्हा का येतं?

गेल्या फाल्गुनातली गोष्ट. होळी आठ-दहा दिवसांवर आली होती. बाह्यरुग्ण विभागात एक आई दोन वर्षांच्या मुलाला घेऊन आली. वजन सहा किलो सहाशे ग्रॅम, दंडाचा घेर ११ सेंटिमीटर. मूल आईच्या खांद्यावर मान टाकून पडलं होतं. डोळ्यावर माशी बसली तरी हात हलवत नव्हतं. केसपेपर काढताना परिचारिका मला हळूच म्हणाली, 'सर, हा आपलाच पेशंट. श्रावणात होता आपल्याकडे.'

जुना कागद काढला. श्रावणात आला तेव्हा वजन सहा किलो दोनशे होतं. अठरा दिवस पोषण पुनर्वसन केंद्रात राहिला, सात किलो दीडशे ग्रॅमचा होऊन घरी गेला. वजन १५ टक्क्यांनी वाढलं म्हणजे आमच्या हिशोबी मूल सुधारलं. त्या कागदावर माझ्याच अक्षरात 'प्रकृतीत समाधानकारक सुधारणा' असं लिहिलेलं होतं. सहा महिन्यांत तो होता त्याच जागी परत आला होता.

मी आईला विचारलं ते आम्ही डॉक्टर नेहमी विचारतो तेच. खायला काय देत होतीस? तपासणीला का आली नाहीस? ती खाली बघत राहिली. मी कागदावर लिहायला घेतलं, 'आईने सल्ला पाळला नाही.' तेवढ्यात तिच्याबरोबर आलेली बाई पुढं झाली. ती त्या पाड्याची ग्रामपंचायत सदस्य. आमच्याकडे सगळे 'मेंबर' म्हणतात. ती म्हणाली, 'डॉक्टर साहेब, तिला नका विचारू. मला विचारा.'

तिनं जे सांगितलं ते फार लांब नव्हतं. मूल श्रावणात घरी गेलं तेव्हा त्याची आजी होती. आई शेतावर गेली की आजी भरवायची. आजी भाद्रपदात वारली. दिवाळीनंतर बाप भिवंडीकडे वीटभट्टीवर गेला, कारण मुकादमाची उचल आधीच घेतलेली होती. शेजारची दोन घरंही गेली, त्यामुळं पोर ठेवायला कुणी उरलं नाही. माघात हातपंप आटला. आई पहाटे पाण्याला जायची, आल्यावर लाकडाला, मग मिळेल त्या कामाला. धाकटा सात वर्षांच्या बहिणीपाशी असायचा. बहीण त्याला तिला जमेल तसं, म्हणजे दिवसातून दोनदा, पेज पाजायची. तपासणीच्या चार तारखांपैकी दोन तारखांना आई आली होती. तिसऱ्या वेळी गाडी मिळाली नाही आणि चौथ्या वेळी घरी कुणी नव्हतं.

सगळं सांगून ती म्हणाली, 'पाडा भरलेला असला की पोरं सुकत नाहीत, साहेब.'

मी तिला अडवलं. आमच्याकडे सुकलेली मुलं सर्वांत जास्त येतात ती आषाढ-श्रावणात, तेव्हा तर पाड्यातली सगळी माणसं घरी असतात. ती थोडं थांबली आणि म्हणाली, 'तेव्हा पाडा नाही भरलेला, शेत भरलेलं असतं. आवणीला सगळे हात चिखलात. पोरापाशी कोण असतं?'

बालरोगशास्त्राच्या पुस्तकात मी जे वाचलं त्याच्याशी तिचं म्हणणं तंतोतंत जुळतं, हे मला तिथंच, हातात पेन असताना, लक्षात आलं. लिहिलेली ओळ मी खोडली. हा लेख त्या खोडलेल्या ओळीबद्दल आहे.

वाटीचा हिशोब

अतितीव्र कुपोषण म्हणजे नुसती भूक नव्हे. मुलाला दीर्घकाळ पुरेसं अन्न मिळालं नाही की शरीर आपला कारभार आवरतं घेतं. हृदय कमी रक्त ढकलतं, यकृत आणि मूत्रपिंडं मंद चालतात, आतड्याचं अस्तर झिजतं आणि रोगाशी लढणारी ताकद इतकी घटते की जंतुसंसर्ग असूनही ताप येत नाही. अशा मुलाला एकदम पोटभर घातलं तर ते दगावू शकतं. म्हणून आम्ही सुरुवातीला १०० मिलीलिटरला ७५ कॅलरी असणारं एफ-७५ हे उपचारात्मक दूध थोडं थोडं, रात्रीसुद्धा, दर दोन-तीन तासांनी देतो. भूक परतली, संसर्ग आटोक्यात आला, की १०० कॅलरीचं एफ-१०० सुरू होतं. मग वजन झपाट्यानं वाढतं. दोन-तीन आठवड्यांत मूल हसायला लागतं, खेळणं ओढतं. आई-बापाला वाटतं बरं झालं. आम्हालाही वाटतं.

पण वाढलेलं वजन ही बरं होण्याची सुरुवात असते. आतडं आणि प्रतिकारशक्ती पूर्ववत व्हायला त्याहून बराच जास्त काळ लागतो. त्या काळात एखादं जुलाबाचं दुखणं आलं की कमावलेलं वजन आठवड्यात जातं. जुलाबानं कुपोषण वाढतं, कुपोषणानं पुढचे जुलाब लवकर येतात. नेव्हिन स्क्रिमशॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९६८ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात हे दुष्टचक्र सविस्तर मांडलं. आजही त्यात बदल करावा असं काही नाही.

आता घरातला हिशोब बघा. एक ते दोन वर्षांच्या निरोगी मुलाला आईच्या दुधाखेरीज रोज साधारण ५५० कॅलरी वरच्या अन्नातून लागतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आजारातून उठलेल्या, मागे पडलेल्या मुलाला त्याहून जास्त लागतात. मुलाचं पोट मात्र लहान. किलोमागे सुमारे ३० मिलीलिटर धरलं तर सात किलोच्या मुलाच्या पोटात एका वेळी एक वाटी मावते. तांदळाच्या किंवा नागलीच्या पातळ पेजेच्या एका वाटीतून जेमतेम सत्तर-ऐंशी कॅलरी मिळतात. म्हणजे नुसत्या पेजेवर रोज सात वाट्या व्हायला हव्यात. पेज घट्ट केली, त्यात चमचाभर तेल घातलं, सोबत उकडलेलं अंडं किंवा शेंगदाण्याचा कूट दिला, तर पाच वेळांत भागतं.

पाच वेळांच्या खाली मात्र भागत नाही. आणि आजारी मूल स्वतः हातानं खात नाही. त्याला भरवावं लागतं, थांबावं लागतं, पुन्हा घास द्यावा लागतो. एका खाण्याला अर्धा तास धरला तर दिवसाचे अडीच तास एका जाणत्या माणसाला त्या मुलापाशी बसायला हवं.

हे अडीच तास कुणाचे, हाच प्रश्न आहे. मी डिस्चार्ज कार्डावर 'दिवसातून पाच-सहा वेळा खायला द्या' असं लिहितो आणि ते शास्त्रीयदृष्ट्या अचूक असतं. पण ते देणारे हात घरात आहेत का, हे मी कधी लिहीत नाही, कारण ते मला माहीत नसतं. मेंबरबाईला ते माहीत होतं. घराघरात कोण आहे, कोण गेलं, कोण कधी येणार, कुणाची बकरी कुणाकडे ठेवलीय, कुठल्या दोन घरांत बोलणं बंद आहे, हे तिला पाठ होतं.

तीस वर्षांची दोन टोकं

जव्हार आणि मोखाडा ही नावं उर्वरित महाराष्ट्राला बहुधा वाईट बातम्यांतूनच माहीत आहेत. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत शंभराहून अधिक बालकं दगावली आणि राज्य हादरलं. मंत्र्यांचे दौरे झाले, जव्हारला अपर जिल्हाधिकारी कार्यालय आलं, आरोग्याच्या सोयी वाढल्या. २०१४ च्या १ ऑगस्टला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. २०१६ मध्ये मोखाड्यातल्या बालमृत्यूंची बातमी पुन्हा देशभर गेली आणि राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं दखल घेतली. पुन्हा दौरे झाले, पुन्हा योजना आल्या.

या काळात काहीच झालं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. अंगणवाड्या पाड्यापर्यंत पोचल्या, आशा आल्या, रुग्णवाहिका आल्या, पुनर्वसन केंद्रात आईला बुडीत मजुरी मिळते. डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून २०१५ पासून गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं गरम जेवण आणि पुढं लहान मुलांना अंडी, केळी मिळू लागली. मी ज्या रांगा वीस वर्षांपूर्वी बघितल्या त्या आज नाहीत.

पण एक गोष्ट आमच्या नजरेतून निसटत राहिली. वावर-वांगणीची बातमी ताजी होती त्याच सुमारास, एप्रिल १९९३ मध्ये, त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात आली आणि पंचायतींना घटनेचं बळ मिळालं. जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात येतात, त्यामुळं १९९६ च्या पेसा कायद्यानं इथल्या ग्रामसभांना आणखी अधिकार दिले. २०११ पासून राज्यात पंचायतीतल्या निम्म्या जागा महिलांच्या झाल्या. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेचा पाच टक्के निधी थेट पेसा ग्रामपंचायतींकडे येऊ लागला. त्याला अबंध निधी म्हणतात आणि आरोग्य, स्वच्छता, शिक्षण यांवर तो खर्च करता येतो.

म्हणजे एका बाजूला कुपोषणाची यंत्रणा उभी राहिली आणि दुसऱ्या बाजूला पाड्याचा निवडून आलेला माणूस उभा राहिला. दोघं एकाच रस्त्यानं जातात, पण ओळख फारशी नाही. पोषण आणि आरोग्याच्या समित्यांवर लोकप्रतिनिधीचं नाव असतं, रजिस्टरात सही असते. तरी मूल घरी पाठवताना त्याच्या वॉर्डाच्या मेंबरला फोन करावा, हे माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत मला कुणी शिकवलं नव्हतं आणि मलाही सुचलं नव्हतं.

एका ग्रामपंचायतीत सात ते सतरा सदस्य असतात. आमच्याकडे एकेक गाव डोंगरभर पसरलेल्या पाड्यांचं असतं, त्यामुळं एका मेंबरच्या वाट्याला एक-दोन पाडे येतात. जव्हारमध्ये नगरपरिषद आहे, मोखाड्यात नगरपंचायत, तिथं हेच काम नगरसेवकाचं. इतक्या कमी घरांची इतकी नेमकी माहिती असलेला आणि लोकांना उत्तर देणं लागणारा दुसरा माणूस सरकारी यंत्रणेत नाही. आशा आणि अंगणवाडी सेविकेला घरं माहीत असतात. पण हातपंप दुरुस्त करून घ्यायला, मुकादमाशी बोलायला, शेजारणीला 'दोन आठवडे हिची पोरं सांभाळ' असं हक्कानं सांगायला त्यांच्या हाती काय असतं? त्यांच्यावर तर आधीच रजिस्टरांचा ढीग आहे.

डॉक्टर नगरसेवक झाला तेव्हा

ही कल्पना नवी नाही. १८४८ मध्ये प्रशियाच्या सरकारनं रुडॉल्फ विर्चो या तरुण डॉक्टरला वरच्या सायलेशिया प्रांतात टायफसची साथ बघायला पाठवलं. दुष्काळ, दाट अंधाऱ्या झोपड्या, परक्या भाषेतला कारभार आणि अशिक्षितपणा त्यानं पाहिला. परत येऊन दिलेल्या अहवालात त्यानं औषधांपेक्षा शिक्षण, रस्ते, शेती आणि लोकांच्या हाती कारभार देण्याची मागणी केली. सरकारला ते आवडलं नाही. पेशीविकृतीशास्त्राचा पाया घालणारा म्हणून आम्ही वैद्यकीय महाविद्यालयात विर्चो शिकतो. पण हाच विर्चो १८५९ मध्ये बर्लिनच्या नगरपालिकेवर निवडून गेला आणि १९०२ मध्ये मृत्यू होईपर्यंत तिथं राहिला, हे आम्हाला कुणी शिकवत नाही. बर्लिनची सांडपाण्याची व्यवस्था उभी करण्यात त्याचा मोठा हात होता. शहरातल्या साथी कमी झाल्या त्यात तिचाही वाटा आहे.

आपल्याकडे एवढं लांब जायची गरज नाही. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्या बायकांना आरोग्यसेविका केलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्याचे निष्कर्ष आले तेव्हा नवजात मृत्यूंमध्ये सुमारे ६२ टक्के घट दिसली होती. २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आदी संस्थांनी संयुक्तपणे सांगितलं की गुंतागुंत नसलेल्या अतितीव्र कुपोषित मुलांवर रुग्णालयात न ठेवता त्यांच्या वस्तीतच उपचार करता येतात. आपली ग्राम बाल विकास केंद्रं त्याच विचाराची. या सगळ्यांतून एक गोष्ट समान दिसते. उपचाराचं ठिकाण घराजवळ आलं, की निकाल सुधारतो.

यात मी फक्त एक पुढची पायरी सुचवतो आहे. उपचार घराजवळ आला, आता घराभोवतीची वस्तीही उपचारात यायला हवी. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी, कुठल्याही पाड्यात एकमेकांच्या शेतावर फेडीच्या बोलीनं राबण्याची रीत होती, अजूनही थोडी आहे. आज तुझी आवणी, उद्या माझी. लग्न असो, घर शाकारणं असो, माणसं बोलावल्याशिवाय येत. ही रीत रोजंदारीनं आणि स्थलांतरानं विरळ झाली आहे. दिवाळी झाली की घरांना कडी लागते आणि म्हातारी माणसं, शाळकरी पोरं तेवढी मागं राहतात. मुलाला भरवणारे हात गेले ते इथून. ते परत कसे आणायचे, हा प्रश्न वैद्यकीय आहे तितकाच पंचायतीचा आहे.

मेंबरबाईनं काय केलं

फाल्गुनात तो मुलगा पुन्हा दाखल झाला. आईची अडचण सरळ होती. घरी दोन पोरं आणि चार कोंबड्या. अठरा दिवस इथं राहायचं तर त्यांचं काय? बहुतेक आया उपचार अर्ध्यावर सोडून जातात त्या याच कारणानं, आणि आम्ही कागदावर 'वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध' असा शिक्का मारतो. या वेळी मेंबरबाईनं दोन्ही पोरं तिच्या जावेकडे ठेवली. जावेशी आईचं बोलणं बंद होतं. ते कसं जमवलं ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मूल सुटायच्या आदल्या दिवशी आईला विचारून मी तिला फोन केला. तीन गोष्टी सांगितल्या: पाच वेळा घट्ट खाणं, पंधरा दिवसांनी वजनाची तारीख, आणि खाणं सोडलं, ताप आला, जुलाब लागले किंवा पायाला सूज दिसली तर त्याच दिवशी इकडे. ती म्हणाली, 'दुपारचं आमच्याकडे जेवेल, सकाळचं अंगणवाडीत. संध्याकाळी आई असतेच.' हातपंपासाठी तिनं ग्रामपंचायतीत तीन वेळा खेपा घातल्या, तो वैशाखात सुरू झाला. उशीरच झाला, पण झाला. चारही तपासण्यांना मूल आलं. शेवटच्या वेळी वजन आठ किलोच्या वर होतं आणि त्यानं माझा स्टेथोस्कोप सोडायला नकार दिला.

याच महिन्यांत दुसरं एक मूल आमच्या हातून निसटलं. सुटल्यावर चार दिवसांत कुटुंब कामावर गेलं, कुठल्या भट्टीवर ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मेंबरला फोन केला तर तोही तिकडेच कामाला गेला होता. त्या मुलाचं काय झालं हे आजही मला माहीत नाही. तेव्हा एक मेंबर चांगली निघाली म्हणून प्रश्न सुटला, असं मी म्हणत नाही.

शंका रास्त आहेत

हे बोललो की सहकारी तीन शंका काढतात. पहिली राजकारणाची. मेंबर आपल्या मतदारांनाच मदत करील, विरोधकाच्या घराकडे बघणार नाही. हे घडतं. महिला सदस्याच्या जागी तिचा नवराच बैठकीला बसतो, हेही घडतं. म्हणून मेंबरला कुणाला मदत द्यायची हे ठरवायचा अधिकार नको. यादी आरोग्य विभागाचीच, निकष दंडघेर आणि वजनाचेच. मेंबरनं त्या यादीतल्या घरांच्या अडचणी सोडवायच्या आणि महिन्याच्या बैठकीत काय केलं ते सांगायचं, एवढंच.

दुसरी शंका गोपनीयतेची. कुपोषित मुलाच्या आईकडे बोट दाखवलं जातं, आणि मीच ते केलं होतं हे वर सांगितलं आहे. त्यामुळं आईच्या परवानगीशिवाय कुणाला काही कळवू नये आणि नावं फलकावर कधीही लावू नयेत.

तिसरी शंका मला सर्वांत महत्त्वाची वाटते. वस्तीची जबाबदारी म्हणता म्हणता सरकार आपली जबाबदारी झटकेल. डॉक्टरांची पदं रिकामी राहतील, अंगणवाडी सेविकेचं मानधन थकेल आणि वर आम्ही म्हणू, पाड्यानं बघावं. हे होऊ देता कामा नये. शेजारीण घास भरवू शकते, सलाईन लावू शकत नाही. ज्या वैतरणेचं पाणी मुंबईला जातं तिच्याच खोऱ्यातल्या बाईला माघात कोसभर हंडा वाहावा लागतो, याचं उत्तर मेंबरबाईकडे नाही, ते वरच मागायला हवं. वस्तीचा हात सरकारी सेवेच्या जोडीला असावा, बदल्यात नव्हे.

दिवाळीच्या आधी

आता आवणी उरकली आहे, भात पोटरीत आलं आहे. दिवाळीला अजून अवधी आहे, आणि एवढ्याच अवधीत काही गोष्टी करून ठेवता येतील.

प्रत्येक मेंबरनं आणि नगरसेवकानं आपल्या वॉर्डातल्या अंगणवाडीत एकदा जाऊन कुठल्या घरात दंडघेर साडेबारा सेंटिमीटरच्या खाली असलेलं मूल आहे आणि त्यांना काय अडतं, हे सेविकेबरोबर बसून समजून घ्यावं. साडेअकराच्या खालचं मूल असेल तर त्याला दवाखान्यात दाखवल्याशिवाय राहू नये.

दिवाळीनंतर कामाला जाणाऱ्या घरांची यादी करावी: कुठं जाणार, कुठल्या मुकादमाबरोबर, घरात गरोदर बाई किंवा सहा वर्षांखालचं मूल आहे का, एक फोन नंबर. ही यादी अंगणवाडीत आणि उपकेंद्रात द्यावी. जिथं जातील तिथल्या अंगणवाडीत मुलाला आहार मिळू शकतो, पण तिकडे कुणीतरी कळवावं लागतं.

जी घरं इथंच राहतील त्यांच्यासाठी गावात कामं निघावीत म्हणून ग्रामसभेत मागणी नोंदवावी. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात एक तरतूद फार शहाणपणानं केलेली होती. कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं येत असतील तर ती सांभाळायला एका बाईला नेमायचं आणि तिला मजुरी द्यायची. ती अमलात आलेली मी फार क्वचित पाहिली. वर सांगितलेले अडीच तास यातून मिळतात. अबंध निधीतून पाड्यावर पोरं सांभाळण्याची सावलीची जागा आणि तिथं पाण्याची सोय करता आली, तर ग्रामसभेनं तेही मागावं.

आम्हा डॉक्टरांनीही एक करावं. मूल घरी पाठवताना 'खायला काय देणार?' याबरोबर 'कोण भरवणार?' हेही विचारावं आणि मिळालेलं उत्तर कार्डावर लिहावं. उत्तर 'कुणी नाही' असं असेल तर ते मूल अजून घरी जायला तयार नाही, वजन कितीही वाढलेलं असो.

मी आता ते लिहितो. कार्डावर त्यासाठी वेगळा रकाना नाही, म्हणून समासात लिहितो. मागच्या आठवड्यात एका आईच्या कार्डावर लिहिलं, 'दुपारी मावशी, सकाळी अंगणवाडी, फोन मेंबरला.' ती आई आणि मूल येत्या मंगळवारी वजनाला येणार आहेत.